विंडोजवर पुणे का अडतं?

मागच्या महिन्यात आमच्या ॲमस्टरडॅमच्या ऑफिसात एक पोर्तुगीज मुलगी रुजू झाली. तिच्या विंडोज लॅपटॉपवर आमचा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोजेक्ट काही केल्या सुरू होईना. कारण मला लगेच कळलं. इन्स्टॉल करताना ‘पाथ’च्या (पायथन कुठे सापडेल हे विंडोजला सांगणाऱ्या) चौकटीत टिक करायची राहून गेली होती, त्यामुळे ‘पायथन’ टाइप केलं की थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत होतं. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसणार, तेवढ्यात टीममधला एक ज्येष्ठ डच सहकारी म्हणाला, "तू करून देऊ नकोस. आधी सेटअपचं पान दुरुस्त कर, मग ती वाचून स्वतः करेल."

मला रागच आला. समोर माणूस अडलंय आणि हे म्हणतात पान दुरुस्त कर! पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कुणाच्या मशीनवर काही चाललं नाही, तर हॉस्टेलवरचा कुणीतरी सीनियर रात्री येऊन सगळं बसवून द्यायचा, वर चहाचे पैसेही स्वतःच द्यायचा. त्या मदतीला मी आजही कमी लेखणार नाही. ही मुलगी मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत ताटकळत बसली. मी त्याला स्पष्ट म्हटलं, याला मदत म्हणत नाहीत. तो शांतपणे म्हणाला, "आणि तिच्यानंतर येईल त्याचं काय?"

शेवटी पान लिहायला घेतलं. विंडोजवर ती चौकट मुळात रिकामी असते, ती आठवणीने भरायची. मॅकवर ॲपलने २०२२ मध्ये जुना पायथन २.७ काढून टाकला, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधली कमांड तिथे चालत नाही. नव्या उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, ‘पिप’ हा पायथनची जादा पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम सरळ नकार देतो, कारण तिथला पायथन सिस्टिमच्या मालकीचा. आपण आपलं वेगळं व्हेन्व, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा, करायचं. हे सगळं मला येत होतं, पण कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. हॉस्टेलच्या त्या सीनियरनेही लिहून ठेवलं नव्हतं. तो पास होऊन गेला, की पुढची बॅच पुन्हा पहिल्यापासून धडपडायची.

हे लिहीत असतानाच इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या वेळचा घोळ आठवला. आरतीच्या पाळ्या लावायला मी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. स्वयंसेवकांची नावं आणि मूळ गावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, अर्थातच मराठीत. माझ्या मॅकवर तो सुरळीत चालला. मंडळातल्या एका काकांच्या विंडोजवर ‘पुणे’ आलं की कोलमडायचा. ‘नाशिक’वर कोलमडत नव्हता, पण नाशिकच्या जागी भलतीच चिन्हं छापायचा.

याचं कारण असं. कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांच्या रूपात, म्हणजे बाइटमध्ये साठवतो, आणि कोणत्या अक्षराला कोणते बाइट हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या सगळ्या लिपींना चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मॅकवर, आणि सहसा लिनक्सवरही, पायथन फाइल यूटीएफ-८ धरूनच वाचतो. विंडोजवर मात्र, तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर, तो विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे एका बाइटला एक अक्षर असा जुना तक्ता, धरतो. इंग्रजी किंवा डच विंडोजवर ते सहसा १२५२ असतं. त्या कोडपेजच्या २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत, आणि आपल्या ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका त्यातल्या एका जागेवर पडतो. हलन्ताचंही तसंच. म्हणून पुणे, मुंबई आणि महाराष्ट्र अडतात. नाशिक, सातारा, नागपूर अडत नाहीत, पण वाचताही येत नाहीत. मला नाशिकचीच जास्त काळजी वाटते. एरर आली तर माणूस निदान शोधतो तरी. चुकीचा मजकूर गुपचूप पुढे गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

त्या क्षणी उपाय सोपा असतो: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहायचं. काकांच्या लॅपटॉपवर तेच केलं आणि आरत्या झाल्या. पण नाओकी इनादा या जपानी डेव्हलपरने पायथनमध्ये हा प्रश्न मुळापासून सोडवायचं मनावर घेतलं, त्याचं मला फार कौतुक आहे. जपानी लिपीवाल्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक. पायथनच्या ३.१० या आवृत्तीत, २०२१ साली, आधी फक्त इशारा आला, तोही मागितला तरच. आता ३.१५ पासून सगळ्या सिस्टिमवर यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग, असं ठरलंय. इतका वेळ का? जुन्या कोडपेजमध्ये लिहिलेल्या फाइली वाचणारे कितीतरी प्रोग्रॅम विंडोजवर चालू आहेत. एका रात्रीत बदल केला असता तर ते बंद पडले असते. पायथन ३ आला २००८ च्या डिसेंबरात आणि पायथन २ चा निरोप समारंभ झाला १ जानेवारी २०२० ला. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत तसेच चालत नसल्याने मधली अकरा वर्षं गेली; ते पाहिलेला माणूस घाई करणार नाही.

ही भाषा जन्मली याच ॲमस्टरडॅममध्ये. गिडो व्हान रोसम यांनी १९८९ च्या नाताळात सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना ती लिहायला घेतली. त्या संस्थेवरून सायकलने जाताना मला आजही भारी वाटतं. मात्र ती फक्त इथल्यांची राहिलेली नाही, हेही मी डच मित्रांना ठणकावून सांगते. तिच्या मुख्य डेव्हलपरांमध्ये आपले सेंथिल कुमरनही कितीतरी वर्षांपासून आहेत. कामाला आपण कमी नाही. पुण्यातल्या माझ्या जुन्या कंपनीत सेटअपचं पान लिहायला वेळ मागितला असता तर मिळाला नसता, कारण क्लायंटची तारीख आधी. यात तिथल्या माणसांचा दोष नाही. मला इथे तो वेळ मिळतो, आणि इथे राहण्यामागचं ते एक कारण आहे, हे घरच्यांनाही मी सांगितलंय.

कॉलेजात पायथन शिकवणाऱ्या वाचकांना एक विनंती. ३.१५ लॅबमध्ये यायला वेळ लागेल. तोवर विंडोजवर ‘पायथनयूटीएफ८’ (PYTHONUTF8) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम वाचतात ती विंडोजमधली एक सेटिंग, १ करून ठेवा, ३.७ पासून तो चालतो. आणि तिन्ही सिस्टिमसाठी सेटअपचं अर्धं अर्धं पान मराठीत लिहून लॅबच्या दारावर लावा. माझं पान मराठीत करून झालंय, हवं असेल त्यांनी कळवा, पाठवते.