रिकाम्या पेट बाटलीसाठी फोटो सेन्सर बसवताना: माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका लाइनवर फिलरच्या तोंडाशी येणारी रिकामी बाटली ओळखणारा सेन्सर बदलायचा होता. आधीचा डिफ्यूज जातीचा होता, म्हणजे वस्तूवरून परत आलेला प्रकाश पाहणारा. पारदर्शक, गोल पेट प्लास्टिकवरून तो प्रकाश कुठेही फाकतो. त्यामुळे काही बाटल्या दिसत, काही निसटत. कॅटलॉगमध्ये डिफ्यूजचं जे अंतर लिहिलेलं असतं ते साधारणपणे ९० टक्के परावर्तन करणाऱ्या पांढऱ्या कागदावर मोजलेलं असतं. खरेदी करताना ही ओळ आधी वाचावी.

अशा वेळी ‘जास्त पॉवरचा थ्रू-बीम लावा’ असा सल्ला हमखास मिळतो. यात एका बाजूने प्रकाश सोडतात, समोरच्या बाजूला तो पकडतात, आणि मध्ये वस्तू आली की तो अडतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला तो उत्तम, पण इथे उलटा पडतो: बीम जितका जोरदार, तितका तो बाटलीच्या आरपार जातो. म्हणून पारदर्शक वस्तूंसाठीचा रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह सेन्सर घेतला. यात प्रकाश बाटलीतून रिफ्लेक्टरकडे जातो आणि बाटलीतूनच परततो, म्हणजे चार भिंती ओलांडतो. शिवाय याची हिस्टेरिसिस, म्हणजे आउटपुट चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधलं अंतर, कमी असते, त्यामुळे सिग्नलमधली छोटी घटही आउटपुट बदलायला पुरते. साध्या रेट्रोला एवढी घट जाणवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी उंची ठरवण्यात घालवला, आणि तो घालवावाच. बाटल्या एकमेकींना चिकटून येत होत्या. पोटाच्या उंचीवर बीम ठेवला तर दोन बाटल्यांत फट उरत नाही. त्यातून पोट भिंगासारखं काम करतं: कडा गडद, मध्यभाग उजळ, आणि एकच बाटली दोनदा मोजली जाते. म्हणून बीम मानेवर घेतला. बाटली फुगवताना मान ताणली जात नाही, त्यामुळे तिथलं प्लास्टिक जाड राहतं, आणि आटे प्रकाश चांगलाच विखुरतात. ताणलेलं पेट प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, फिरवतं आणि पोलरायझिंग फिल्टरवाल्या सेन्सरला गोंधळवतं. मानेवर तो त्रासही कमी.

हिशेब असा: बेल्ट मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला ५०० मिमी. मान २८ मिमी, पोट ६५ मिमी. बाटली दिसते ५६ मिलिसेकंद, फट दिसते ३७ मिमी म्हणजे ७४ मिलिसेकंद. पीएलसीचा (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) इनपुट फिल्टर, जो याहून छोटे सिग्नल गाळतो, ६.४ मिलिसेकंदांवर होता आणि स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, १० मिलिसेकंदांच्या आत, त्यामुळे फार छोटे पल्स मोजणाऱ्या हाय-स्पीड काउंटरची गरज पडली नाही. वेगवान लाइनवर हेच गणित आधी मांडावं, मगच सेन्सर निवडावा.

रिफ्लेक्टर मोठा घेण्याचा मोह होतो, अलाइनमेंट सोपं जातं म्हणून. पण मान बीमचा थोडाच भाग झाकत असेल तर उरलेला प्रकाश बाजूने परत येतो आणि घट पुरेशी पडत नाही. रिफ्लेक्टर लहान ठेवला. ब्रॅकेट कन्व्हेयरच्या साइड गाइडवर न लावता जमिनीवरून उभ्या केलेल्या वेगळ्या खांबावर घेतलं, गाइड हादरतं.

वायरिंग सरळ आहे: तपकिरी २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी आउटपुट. पांढऱ्या वायरचं काम मॉडेलप्रमाणे बदलतं, आकृती पाहूनच जोडावी. लागणार नसेल तर टोक इन्सुलेट करावं. पीएलसीचं इनपुट कार्ड पीएनपी, म्हणजे चालू असताना अधिक व्होल्टेज देणाऱ्या, सेन्सरसाठीचं असेल तर सेन्सरही पीएनपीच हवा. एलईडीवाली एम१२ (गोल, आट्यांच्या कनेक्टरची) केबलही त्याच जातीची मागावी, दुकानात सांगितलं नाही तर भलतीच हातात येते. केबल व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटार केबलपासून लांब, वेगळ्या ट्रेमधून नेली.

टीचिंग, म्हणजे बाटली नसतानाचा प्रकाश सेन्सरला शिकवणं, रिफ्लेक्टर स्वच्छ पुसून, बाटली समोर नसताना आणि सेन्सर थोडा वेळ चालून गरम झाल्यावर केलं. आउटपुट लाइट-ऑनवर ठेवलं, म्हणजे प्रकाश परत येत असेल तेव्हा चालू; डार्क-ऑन याच्या उलट. वायर तुटली किंवा लेन्सवर धूळ बसली तर सिग्नल जातो आणि पीएलसीला ‘बाटली आहे’ असंच दिसत राहतं. बेल्ट चालू असताना ही स्थिती २ सेकंद टिकली की अलार्म देऊन गेट बंद. यावर मी अडून बसतो, कारण डार्क-ऑनमध्ये तुटलेली वायर आणि रिकामा बेल्ट सारखेच दिसतात. मात्र ही व्यवस्था लाइनसाठी आहे. माणसाचा हात वाचवण्यासाठी प्रमाणित सेफ्टी लाइट कर्टनच (हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लागतो.

तपासणी पीएलसीच्या ट्रेसवर, म्हणजे सिग्नलच्या नोंदलेल्या आलेखावर, केली: प्रत्येक बाटलीला एकच पल्स, रुंदी ५६ मिलिसेकंदांच्या आसपास. ओली बाटली, तिरकी बाटली, सुटी बाटली, सगळ्या मुद्दाम सोडल्या. पावसाळ्यात थंड फिलिंग रूममध्ये दमट हवा शिरली की लेन्सवर वाफ धरते, म्हणून दाराजवळची जागा टाळली. मेंटेनन्सवाल्यांना एक गोष्ट लिहून दिली: लेन्स ॲक्रिलिकची आहे, थिनर किंवा स्पिरिट लावलं तर तिला बारीक तडे जातात. साध्या पाण्यात भिजवलेलं मऊ कापड वापरायचं, रिफ्लेक्टरही त्याच वेळी पुसायचा आणि मगच पुन्हा टीच करायचं.