किल्लीतली किल्ली

शनिवारी सकाळी कपिलतीर्थ मंडईतून भाजी घेऊन गाडीपाशी आले. एका हातात दोन पिशव्या, मेथीची जुडी काखेत, दुसऱ्या हातात किल्ली. बटण दाबलं. गाडी गप्प. ना ते नेहमीचं 'टुक', ना दिव्यांची उघडझाप. मग सगळेच करतात तेच केलं, बटण आणखी जोरात दाबलं. जशी काही गाडीला ऐकूच कमी येतं.

खरं म्हणजे हे दुखणं आजचं नव्हतं. पूर्वी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बटण दाबलं तरी खाली गाडी ओ द्यायची. पुढे जिना उतरून दाबावं लागायला लागलं, मग फाटकाशी, आणि गेला महिनाभर तर थेट दाराला नाक लावून. डॅशबोर्डवर किल्लीचं पिवळं चित्रही अधूनमधून उमटायचं. ऑफिसातल्या एकीने युक्ती सांगितली, किल्ली हनुवटीला टेकवून दाबायची. डोक्यात पाणीच पाणी, ते अँटेनाच्या मदतीला येतं आणि चार पावलं जास्त लांबून गाडी उघडते. खोटं नाही, उघडते! दोन आठवडे मी भर रस्त्यात हनुवटीला किल्ली लावून उभी राहत होते. चाळीस रुपयांचा सेल आणायचा कंटाळा माणसाला काय काय करायला लावतो.

आमच्या लहानपणी सेल उतरायचे ते सावकाश. टॉर्चचा उजेड आधी हळदीसारखा पिवळा व्हायचा, रेडिओचा आवाज बसायचा. मग सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे, कुणी दाताने चावून बघायचं, आणि तेवढ्यावर एखाद्या संध्याकाळच्या बातम्या निघायच्या. किल्लीतली ही चपटी लिथियमची टिकली चावण्यातलीही नाही आणि उन्हाला दाद देणारीही नाही. जवळजवळ शेवटपर्यंत तीन व्होल्टच्या आसपास ताठ उभी राहते आणि मग एकदम बसते.

शेजारी कोथिंबीर विकणाऱ्या मावशींचा पोरगा माझी झटापट बघत होता. म्हणाला, "ताई, सेल उतरलाय. आत किल्ली असती की."

"कशाच्या आत?"

त्याने किल्ली माझ्या हातातून घेतली, कडेची बारकी खिट्टी नखाने सरकवली आणि पोटातून एक लोखंडी किल्ली ओढून काढली. चांगली दाते असलेली, कपाटाला शोभेल अशी. सात वर्षं माझ्या पर्समध्ये ही बया होती आणि मला पत्ता नाही! भोक कुठे आहे हेही त्यानेच दाखवलं, ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीशी, टोपणाखाली लपलेलं. किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि गाडीने बोंब ठोकली. रिमोटशिवाय दार उघडलं म्हणजे तिच्या लेखी मी चोर. सगळी मंडई माझ्याकडे वळली. मेथी काखेतून पडली ती तेव्हाच.

"आता किल्ली त्या स्टार्टच्या बटणाला टेकवून चालू करा," पोरगा दारातून ओरडला. टेकवली. इंजिन सुरू, बोंब बंद. किल्लीत एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. इतकं जवळ नेलं की गाडीच तिला जरुरीपुरती वीज देते आणि ओळख पटवून घेते. सेल लागतो तो लांबून हाक मारायला.

तशीच महाद्वार रोडजवळच्या घड्याळवाल्याकडे गेले. "कुठला सेल?" त्यांनी विचारलं. "गोल," मी म्हटलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. किल्ली उघडून म्हणाले, "सीआर२०३२." पहिले दोन आकडे रुंदीचे, २० मिलिमीटर; पुढचे जाडीचे, ३.२. म्हणजे २०२५ त्याच रुंदीचा पण अडीच मिलिमीटर जाड, चुकून घेतला तर आत खुळखुळणार. इतकी वर्षं मला तो मॉडेल नंबर वाटत होता.

"दुसऱ्या किल्लीलापण एक घेऊन जावा," ते म्हणाले.

"ती कपाटातच असते हो. वापरतच नाही."

"वापरा नाहीतर ठेवा, ती आत जागीच असती. गाडी हाक मारती का, ऐकत बसती."

मी एकच घेतला. दुकानदार दोन घ्या म्हणाला की एकच घ्यायचा, हे आईने शिकवलंय.

सेल मात्र घरी येऊन मीच बसवला, हौसेने. फटीत रुपयाचं नाणं घालून पिळलं, कट् आवाज झाला, दोन फाका. आत रबराची नाजूक कड, ती बाहेर लोंबणार नाही असं बघायचं. पहिल्यांदा सेल उलटा बसवला. अधिकची बाजू खाली हवी होती. दुसऱ्यांदा बरोबर. जुन्याला दोन्हीकडून चिकटपट्टी लावून उंच फळीवर ठेवला, भाची रांगती आहे. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा इथे आळस नाही.

मग गॅलरीत गेले आणि दाबलं. टुक! खाली दिवे लुकलुकले. पुन्हा दाबलं. टुक. वॉचमन वर बघायला लागला तेव्हा थांबले.

आणि मग सहज, अगदी सहज, कपाटातली दुसरी किल्ली काढली. साड्यांच्या घडीखाली होती, प्लास्टिकच्या पिशवीत, नवी कोरी. गॅलरीतून दाबली. जिना उतरून दाबली. फाटकाशी दाबली. शेवटी हनुवटीला लावली.