भाकर, द्राक्षारस आणि साधं पाणी

आज सोलापुरात कॅथलिक मैत्रिणीबरोबर मिस्साला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, गेले होते. सोबत तिची हैदराबादची मामेबहीण, लग्नानंतर मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) झालेली. कम्युनियनच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या, वेळी ती जागेवरच बसून राहिली. मग सात रस्त्यावर चहा घेताना विषय निघाला, तो काही संपेना.

कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार फादरांच्या प्रार्थनेनंतर भाकर आणि द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं खरोखरचं शरीर आणि रक्त. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, तसं लेखी मांडलं. मॉर्मनांकडे ती ख्रिस्ताची आठवण, बाप्तिस्म्याच्या कराराची उजळणी. दारू वर्ज्य, म्हणून द्राक्षारसाऐवजी चक्क पाणी!

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती प्रार्थना तिकडे बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांची पोरं म्हणतात. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पगारी पाद्री नाही, भाषणंही सभासदांपैकीच कुणीतरी करायची. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये माईक फिरला की काय होतं, ते आठवलं.)

मैत्रिणीचं म्हणणं, वेदी नाही, धूप नाही, मग उपासना कसली? मलाही मिस्साच जास्त भावली, बोलणं कमी म्हणून.

यावर बहीण म्हणाली, "आमच्याकडे चिमुरड्यांनाही तुकडा मिळतो. तुमच्याकडे सात-आठ वर्षांचं होईपर्यंत थांबा!"

मैत्रिणीने दुसरा चहा सांगितला.