पास्ट मोडल्सची वही: आठवडा सहावा

मंडळी, मागचे दोन आठवडे गप्प होते, कारण इंग्रजीतले पास्ट मोडल्स, म्हणजे मस्ट हॅव, शुड हॅव, माइट हॅव यांसारखी भूतकाळाबद्दल बोलायची रूपं शिकताना सांगण्यासारखं काही जमतच नव्हतं.

आधी मस्टचा घोळ. 'मी जायलाच हवं' म्हणजे आय मस्ट गो. मग 'जायला हवं होतं' म्हणजे आय मस्ट हॅव गॉन, असा माझा सरळ हिशेब. त्याच हिशेबाने वाशीच्या ऑफिसात साहेबांना म्हणाले, "सर, यू मस्ट हॅव टोल्ड मी." मला म्हणायचं होतं, तुम्ही सांगायला हवं होतं. त्यांनी ऐकलं, तुम्ही मला सांगितलंच असणार. बिचारे फोन काढून जुने मेसेज चाळत बसले! चूक उमगली ती ठाण्याच्या परतीच्या गाडीत, घणसोली गेल्यावर. 'हवं होतं'ला शुड हॅव. मस्ट हॅव हा अंदाज, तोही खात्रीचा. आणि सक्तीच भूतकाळात न्यायची असेल तर हॅड टू.

शनिवारी तलावपाळीला सोसायटीतल्या काकांबरोबर सराव: एखादी वस्तू बघायची आणि काय घडलं असेल ते इंग्रजीत सांगायचं. या वेळी बाकाखाली एकच चप्पल पडली होती, अंगठा तुटलेली. काका म्हणाले, "आज हीच घे."

द स्ट्रॅप मस्ट हॅव ब्रोकन. तुटलाच असणार, समोर दिसतंय. ही माइट हॅव गॉन टू अ कॉब्लर. चपलेचा मालक चांभाराकडे गेला असेल, कुणी पाहिलंय? इथे माझं एक निरीक्षण: 'असणार' आणि 'असेल' यांत आपण खात्रीची पायरी रोज बदलतो, कुणी न शिकवता. इंग्रजीत तेच मस्ट आणि माइट करतात. हे कळल्यापासून तक्ता पाठ करणं सोडलं.

नकारात मात्र अडले. 'अनवाणी घरी गेला नसणार' याला मी मस्ट नॉट हॅव केलं. अमेरिकेत ते चालतं, पण आमचं पुस्तक ब्रिटिश वळणाचं, त्यात कान्ट हॅव. ही कान्ट हॅव वॉक्ड होम बेअरफूट. काकांचं 'ही मस्ट हॅज' अजून सुटत नाही. मोडलनंतर हॅवच, कर्ता कुणीही असो.

सगळ्यात छळतं ते कुड हॅव. ही कुड हॅव टेकन अ रिक्षा. म्हणजे रिक्षाने गेला असू शकेल, की जाता आलं असतं पण गेला नाही? मराठीत दोन वेगळी वाक्यं, इंग्रजीत एकच, आणि अर्थ मागच्यापुढच्या बोलण्यावरून काढायचा. यावर वहीची दोन पानं भरली, तरी बोलताना गडबडते.

ऐकताना वेगळीच पंचाईत. शुड हॅव बोलण्यात शुडव्ह होतं, कधी नुसतं शुडा. शुड ऑफ असं ऐकू येतं म्हणून खुद्द इंग्रज लोकही तसं लिहून बसतात. हे वाचून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

निघताना काकांनी दोघांना चहा आणला. कुणी काही दिलं की यू शुडन्ट हॅव म्हणतात, ती तक्रार नसते, आपलं 'कशाला उगाच' असतं, हे ताजं ताजं वाचलेलं. म्हणून ऐटीत म्हटलं, "काका, यू शुडन्ट हॅव!"

काका कप हातात धरून थांबले. "अगं, मग आधी सांगायचं ना. परत देऊन येऊ का?"