सव्हानाच्या चौकाचौकांतून

खरेदीला म्हणून बाहेर पडले की दुसऱ्या दुकानातच माझे पाय बोलू लागतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात मात्र तसे झाले नाही आणि त्याचे श्रेय जेम्स ओगलथॉर्प यांना द्यायला हवे. १७३३ मध्ये नदीकाठच्या उंचवट्यावर गाव वसवताना या इंग्रज गृहस्थाने घरांच्या प्रत्येक गटाच्या मध्यभागी एक मोकळा चौक राखून ठेवला. पुढे असे २४ चौक झाले. त्यांतले २२ आजही शाबूत आहेत. त्यामुळे दोन-तीन दुकाने पालथी घालून झाली की जवळच कुठेतरी ओकच्या गर्द सावलीत एखादा बाक सापडतोच. बसायला जागा मिळाली की माणूस आणखी खरेदी करतो, हे आपल्याकडच्या मॉलवाल्यांना अजून उमगलेले दिसत नाही.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला राहणाऱ्या भाचीने मला एका दिवसासाठी इथे आणले होते. ब्रॉटन स्ट्रीटवरच्या दुकानांकडे माझी नजर वळलेली पाहून ती म्हणाली, "मावशी, दुकानं कुठे पळून जात नाहीत, आधी जेवणाच्या रांगेत उभं राहू." जोन्स स्ट्रीटवरची मिसेस विल्क्स यांची खानावळ १९४३ पासूनची आहे आणि तिथे आगाऊ जागा राखता येत नाही. दहा-दहा अनोळखी माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि तळलेल्या कोंबडीपासून रताळ्यांपर्यंत सारे पदार्थ मोठमोठ्या वाडग्यांतून हातोहात फिरतात. ही पंगतच म्हणायची, फक्त आग्रह करणारा वाढपी नाही. आपण वाडगे पुढे सरकवायला विसरलो तर शेजारचा ताटकळतो. जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपले ताट उचलून आत नेऊन ठेवायचे.

त्या वाडग्यांत चवळी होती आणि भेंडीही होती. आपण भेंडी कोरडी पुसून चिरतो, आमसूल घालून तिची तार मोडतो. इथे टोमॅटोबरोबर शिजवून त्याच तारेने रस्सा दाट करतात. पहिला घास मी जरा भीतभीतच घेतला, दुसऱ्यांदा मात्र स्वतः मागून घेतली. या दोन्ही भाज्या अमेरिकेच्या दक्षिणेत रुजल्या त्या आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांमुळे, आणि इथल्या ज्या स्वयंपाकाचे आज इतके कौतुक होते, तो घडवणारे हातही बऱ्याच अंशी त्यांचेच. शाकाहारी मंडळींनी मात्र पालेभाजी वाढून घेण्याआधी विचारावे, कारण ती डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवण्याची इकडची जुनी रीत आहे.

दुपारी नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर उतरलो. एका मिठाईच्या दुकानात तांब्याच्या कढईत साखर आणि पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) घोटून संगमरवरी फरशीवर त्याच्या चकत्या घालणे चालले होते. चव पाहायला एक गरम चकती हातावर पडते आणि मग डबा घेतल्यावाचून बाहेर पडणे अवघड होते. ही दुकाने ज्या इमारतींत आहेत, त्या पूर्वी कापसाच्या दलालांच्या वखारी होत्या. खाली गाठी, वर कचेऱ्या आणि कचेऱ्यांतून थेट उंचवट्यावर निघायला लोखंडी पूल, अशी त्यांची रचना होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, आणि एप्रिल १८६२ मध्ये नदीच्या मुखावरचा फोर्ट पुलास्की पडल्यावर सव्हानाचा व्यापार जवळजवळ थांबला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. तो मग मुंबईहून जाऊ लागला आणि मुंबईत तेजी आली. राजाबाई टॉवरला देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच तेजीचे नायक. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि मुंबईतला तो फुगाही फुटला. डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने सव्हाना शहर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना नाताळची भेट म्हणून दिले, त्या भेटीत १५० तोफांबरोबर कापसाच्या सुमारे २५,००० गाठीही होत्या. वखारीच्या जाड भिंतीला टेकून मिठाई खाताना चर्चगेट परिसर आठवावा, हे मला तरी अपेक्षित नव्हते.

संध्याकाळी सिटी मार्केटमध्ये गेलो. चित्रांची दालने बरी, पण बाकी माल कुठल्याही पर्यटनस्थळी मिळतो तसलाच, तेव्हा मी तिथे पैसे खर्च केले नाहीत. एलिस चौकात भरणाऱ्या जुन्या मंडईची इमारत १९५४ मध्ये पाडून तिथे मोटारी लावायचा मजली तळ उभारण्यात आला. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी, १८२० सालचे डेव्हनपोर्ट हाउसही असेच मोटारींच्या जागेसाठी पाडले जाणार असे कळताच, सात बायकांनी पैसे जमवून ते विकत घेतले आणि जुनी घरे वाचवणारी संस्था काढली. मला दिवसभर जे काही आवडले, त्यातले पुष्कळसे या बायकांमुळे टिकले आहे. पुढे तो मजली तळही पाडला गेला आणि २०१० मध्ये एलिस चौक पुन्हा खुला झाला. मोटारी आता चौकाच्या खाली, तळघरात असतात. आमचीही तिथेच होती आणि पार्किंगचे पैसे मी, भाचीचा विरोध मोडून, आनंदाने भरले.