गीझर गळतोय म्हणजे नक्की कुठून गळतोय?

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी मेसेज असतोच, "गीझर गळतोय, चांगला माणूस सांगा." आणि त्याखाली लगेच चारजण नव्या गीझरच्या लिंका टाकतात. अरे पण आधी बघा तरी कुठून गळतोय!

कारण टाकी गळणं आणि व्हॉल्व्ह ठिबकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गार पाणी जिथून आत जातं तिथे एक छोटा पितळी व्हॉल्व्ह असतो, बाजूला चिमुकलं भोक असलेला. पाणी तापलं की फुगतं, 15 लिटरच्या टाकीत 25 डिग्रीचं पाणी 60 ला नेलं तर साधारण 200 मिली जास्त होतं, म्हणजे एक मोठा कप. आणि हाच व्हॉल्व्ह पाण्याला उलटं लाइनमध्ये जाऊ देत नाही, मग ते जास्तीचं पाणी जाणार कुठे, तर त्या भोकातून थेंबथेंब बाहेर येतं. गीझर चालू असताना ठिबकला तर तो त्याचं काम करतोय एवढंच. बंद असतानाही धार लागली तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाइनला प्रेशर जास्त आहे, उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यांवर हे होतं, वरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की जवळजवळ एक बार दाब वाढतो ना. व्हॉल्व्ह बदलला, प्रेशर कमी करून घेतलं, की संपलं. पण काही महाभाग त्या भोकात चक्क खिळा ठोकून एमसील लावून देतात, आणि वर ग्राहक खूश की गळती थांबली! अहो बंद भांड्यात पाणी तापवताय तुम्ही, कोंडलेल्या वाफेची पळवाटच बुजवून. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की कॉइल बंद करणारा) आणि कटआउट (तो चुकला तर वीज तोडणारा) दोन्ही चिकटले त्या दिवशी टाकी फुटू शकते. असा माणूस घरी आला तर त्याला चहा पाजा पण पान्हा हातात देऊ नका.

दुसरी जागा म्हणजे खालचं झाकण, जिथे कॉइल बसवलेली असते. तिथून गळत असेल तर बहुतेक वेळा गॅस्केट गेलेलं असतं, रबराची चकती. ती बदलायची.

आणि तिसरी, बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी येतंय आणि वरचं दोन्ही ठीक आहे. मग मात्र टाकी गेली. आतून काचेसारखा लेप दिलेली लोखंडी टाकी असते, तिला वेल्डिंग-बिल्डिंग काही होत नाही, केलं तर लेपच जळतो. तेव्हा खुशाल नवा घ्या.

आता टाकी इतक्या लवकर का जाते, हे दुकानदार सांगत नाही आणि सर्व्हिसवाला विचारल्याशिवाय सांगत नाही. आत कॉइलच्या बाजूला मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, अ‍ॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजतं, म्हणून लेपाला कुठे बारीक चीर असली तरी पाणी आधी त्या दांड्याला खातं, टाकीला नाही. दांडा संपला की पाळी टाकीची. आमच्याकडे वाघोलीला टँकर आणि बोअरचं पाणी, नळाखालची बादली दोन दिवसांत पांढरी होते, त्यामुळे मी दरवर्षी दिवाळीआधी गीझर उघडूनच घेते. यंदा झाकण काढलं तर आधी परातभर पांढरे पापुद्रे पडले, खडूसारखे, हातात चुरा होणारे, आणि दांडा म्हणजे मधली तार आणि तिला दोन-तीन ठिकाणी चिकटलेले करडे गोळे, बस्स. येणारा पोरगा म्हणाला, "ताई, अजून सहा महिने गेले असते तर टाकीच बदलायला लागली असती." रॉड काही शेकड्यांत येतो हो, टाकी हजारांत. कॉइल त्याने लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवली, क्षार फसफसून सुटले, आतली टाकी नुसत्या पाण्याने धुतली. गॅस्केट मात्र जुनं परत बसवू देऊ नका, नवंच घाला.

क्षार बसले की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत तापते, आणि केटलसारखा खळखळ कडकड आवाज यायला लागतो. एक दिवस कॉइलचं कवच तडकतं आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होतो. तो ट्रिप झाला की "परत वर करून बघू" हा खेळ खेळायचा नाही, पाण्यात करंट उतरतोय म्हणून तो पडलाय. त्याला बायपास करून आंघोळ करणारे लोक मी पाहिलेत, काय बोलणार.

पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जास्त बसतात, म्हणून थर्मोस्टॅट 55 च्या आसपास ठेवलेला बरा. तसंही उकळतं काढून त्यात दोन बादल्या गार ओतायचं म्हणजे आजीच्या बंबाची सवय. (तांब्याच्या बंबाला ना रॉड लागायचा ना गॅस्केट, पण ढलप्या, राख आणि चिंचेने घासणं कोण करणार?)

नवा घ्यायचाच असेल तर स्टारच्या मागे फार लागू नका. ते स्टार म्हणजे चालू ठेवलेला गीझर दिवसभरात किती उष्णता बाहेर सोडतो त्याचा हिशोब. 15 लिटरला 2000 वॉटची कॉइल 20 मिनिटं घेणार, साधारण 0.6 ते 0.7 युनिट, ते तीन स्टारलाही आणि पाच स्टारलाही. तुम्ही आंघोळीपुरता चालू करून बंद करत असाल तर फरक नगण्य, दिवसभर बटण चालू असणाऱ्या घरात मात्र पाच स्टारच घ्या. त्यापेक्षा दुकानात विचारा की टाकीची वॉरंटी किती वर्षं, कॉइलची किती, रॉड बदलला नाही तर वॉरंटी राहते का. आणि पॉइंट 16 अँपिअरचाच हवा, 6 च्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवलात तर प्लग वितळतो.

गॅस गीझरचं विचाराल तर बाथरूमच्या आत नाहीच. त्याने हवेतला ऑक्सिजन जळतो, तो कमी पडला की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात पेपरात एखादी तरी बातमी असते. ड्राय बाल्कनीत लावा, पाइप आत घ्या, दोन-तीन मीटर जास्तीच्या पाइपाचे पैसे द्यायला का जीव जातो लोकांचा कळत नाही.