आमची वाटचाल : ओसरीतला कारखाना

सांगलीत मोझॅकची, म्हणजे टाइल्सचे तुकडे जोडून केलेली, पहिली नावाची पाटी कोणी केली असं विचारलं, तर आज लोक दुसऱ्याच दुकानाचं नाव सांगतात. आमच्या कामाला यंदा पंधरा वर्षं झाली, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

२०१० साली घरातलं न्हाणीघर नव्यानं केलं. उरलेल्या टाइल्सचे तुकडे आमचे मिस्त्री कुणाच्या तरी गच्चीवर चायना मोझॅकला नेणार होते. त्यातलं अर्धं पोतं मी मागून घेतलं आणि ओसरीत बसून जुन्या पाटावर मोर केला. मिस्त्री दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःची थापी घेऊन शेजारी बसले. माझे पहिले भागीदार तेच. कागदावर सही कधी झाली नाही, पण हिशेब आजही निम्मानिम्मा आहे.

त्या वर्षी मुंबईहून चाकाचा निपर, म्हणजे टाइल तोडायची पक्कड, मागवला. तो अजून वापरात आहे. दांड्याचं रबर दोनदा बदललं, कार्बाइडची चाकं तीनदा. नवशिके निपर टाइलच्या मधोमध घालतात आणि तुकड्यांचा चुरा करतात. चाक कडेवर तीनेक मिलिमीटरच टेकवायचं आणि दांडा अगदी टोकाला धरून दाबायचा. मग चीर आपोआप त्या रेषेत पुढे जाते. धार गेली की लगेच नवी चाकं घेऊ नयेत. स्क्रू सैल करून चाक जरासं फिरवावं, न वापरलेली कड पुढे येते. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आमच्या ओसरीत चष्म्याशिवाय निपरला हात लावू देत नाही, पाहुण्यांनाही नाही.

आता २०१३ चा पावसाळा. त्याबद्दल बाहेर बरंच बोललं गेलं, पण खरं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

तोवर आमच्या सेहेचाळीस पाट्या लोकांच्या दारांवर लागल्या होत्या. पाया प्लायवूडचा, चिकटवायला सुतारकामाचा पांढरा गोंद. पावसातही चालतो, असं दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं. जुलैत पहिला फोन आला : आडनावातला ‘कु’ पडला. मग रोज फोन. मिस्त्रींनी एक पाटी मांडीवर घेतली, नखानं तुकडा उचलला आणि खालचा गोंद दाखवला. पांढरा, ओला, रबरासारखा. म्हणाले, “वहिनी, ह्यो आतल्या कामाचा गोंद. सांध्यात ग्राउटचा मसाला भरला तरी त्यातनं पाणी आत जातंयच. भाईर सिमेंटच पायजे.” प्लाय फुगलेला होता तो वेगळाच.

एक सोडून बाकी सगळ्या पाट्या परत आणल्या. भिशीचा माझा नंबर लागला होता, ते सगळे पैसे सिमेंट शीट, टाइल ॲडहेसिव्ह आणि नव्या काचेच्या टाइल्समध्ये गेले. दिवाळीच्या आत प्रत्येक पाटी नव्यानं करून दारावर लावली. एक रुपयाही जास्तीचा घेतला नाही.

त्याच वर्षी, आमच्या ओसरीत चार शनिवार बसून काम शिकलेल्या एका व्यक्तीनं आपलं दुकान काढलं. आमची मोराची नक्षी जशीच्या तशी उचलली. प्रदर्शनात शेजारी टेबल मांडून गिऱ्हाइकांना सांगायचं, “त्यांच्या पाट्या पावसात गळतात.” बदलून दिलेल्या पाट्यांचा उल्लेखही नाही. आजही तिथलं घरी मोझॅक करायचं किट एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पायावर येतं, सोबत गोंदाची छोटी नळी. घरात शोभेला ठेवा, बाहेर लावू नका, एवढी एक ओळ पाकिटावर छापायला काय जातं? लोक ते हौसेनं अंगणात लावतात, वर्षभरात तुकडे पडतात, आणि मोझॅकच टिकत नाही असं बोलत फिरतात. ते ऐकावं लागतं आम्हाला.

घरी पहिल्यांदा करत असाल तर पाटीच्या मागे लागू नका. आधी गरम भांडं ठेवायची एक चौकट करा. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स घ्या. व्हिट्रिफाइड निपरला दाद देत नाही. चिकटवल्यावर पुरता एक दिवस थांबा. ग्राउट चक्क्याइतकं घट्ट कालवा, सांध्यांत दाबून भरा, पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजनं पुसा. पाणी जास्त झालं तर सांधे पिठूळ होतात. उरलेलं ग्राउट मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

त्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकानं मात्र पाटी परत द्यायला नकार दिला. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. म्हणाल्या, “इथेच बसून दुरुस्त कर, मला बघायचंय.” दोन दिवस माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. पुढे त्यांच्या आईच्या फुटलेल्या चिनी मातीच्या कपबश्या पिशवीत बांधून दिल्या, तुळशी वृंदावनाला लावायला. बशीचे तुकडे सपाट असतात, कपाचे वाकडे. ते नखाएवढे बारीक करावे लागतात, नाहीतर कडा वर राहून हाताला लागतात. अकरा दिवस लागले. मिस्त्रींनी त्या कामाची मजुरी घेतली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग बुडाला. बाई मिरजेला भाच्याकडे होत्या. पाणी ओसरल्यावर त्यांनी घरातून फोन केला : “वृंदावन आहे गं. तुळस गेली.”

मी रोप घेऊन गेले, मिस्त्री बादली आणि ब्रश घेऊन आले. गाळ धुवायला दुपार गेली. सांधे काळवंडले होते. बाईंनी एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं, आईच्या बशीवरचं गुलाबाचं फूल सापडेपर्यंत. एकही तुकडा हललेला नव्हता.